माहेरी आलेल्या पोरी

पुणे, ८ जून २०२५

अक्का,

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. दाजींना आधी हे सांग, नाहीतर पाकीट फोडायच्या आतच ते पुण्याची गाडी बघायला लागतील.

पत्र का, तर तुझ्या घरचा फोन म्हणजे गावची चावडी. तू स्पीकर लावतेस, सासूबाई मधूनच ‘कोण, दिगू व्हय? जेवलास का रं?’ विचारतात आणि मला बोलायचं ते राहून जातं. मेल लिहायला बसलो तर वेगळीच तऱ्हा. ऑफिसच्या लॅपटॉपवर आता एआय बसवलंय. मी ‘अक्का’ एवढंच लिहिलं, तर पुढचं वाक्य त्यानंच सुचवलं, ‘आशा आहे की आपण कुशल असाल.’ मी तुला जन्मात कधी ‘आपण’ म्हटलंय का? मग लॅपटॉप मिटला आणि खाली जाऊन कागद घेऊन आलो.

आता मुद्द्याचं. तुम्ही सिस्टर लोक उपकेंद्रात वापरता ते ‘पाळणा’ अ‍ॅप आम्हीच बनवतो, हे तू साऱ्या तालुक्याला सांगत असतेस. गरोदर बाईची नोंद, तपासणीच्या तारखा, कुणाकडं कधी जायचं त्याची आठवण, हे सगळं आम्ही सात जणांनी बसून लिहिलेलं. आता वरून फर्मान आलंय की हातानं प्रोग्रॅम लिहायचा नाही. काय हवं ते एआयच्या टूलला सांगायचं, ते लिहून देणार, आपण फक्त ‘मंजूर’ म्हणायचं. टूलनं लिहिलेलं कुणी किती मंजूर केलं त्याचा तक्ता भिंतीवरच्या टीव्हीवर दिवसभर झळकतो. ज्यांचं जास्त ते हिरवे. मी लाल आहे, आणि सगळ्यांत खाली. कारण मी ते वाचत बसतो. साहेब परवा म्हणाले, ‘दिग्विजय, सगळं वाचतच बसायचं असेल तर टूल कशाला घेतलं आपण?’ माणूस वाईट नाही. त्यांच्याही मानेवर कुणीतरी बसलेलं आहे.

टूल भंगार लिहितं म्हणावं तर तसंही नाही. कधीकधी माझ्यापेक्षा देखणं लिहितं, मला हेवा वाटतो. पण मंजूर केलं की खाली नाव माझं लागतं, आणि न वाचता नाव लावायचं म्हटलं की माझं बोट बटणावरच अडतं. लाल असलेल्या दोघांना गेल्या महिन्यात निरोप दिला. दिवाळीपर्यंत हिरवा झालो नाही तर माझाही नंबर लागेल. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

तुझा
दिगू


माकणी, १९ जून २०२५

चि. दिगूस,

पत्र पोचलं. पोस्टमन सायकल टेकवून उभाच राहिला, ‘सिस्टर, नोटीस हाय का वो?’ म्हणून. हल्ली पत्र म्हटलं की लोकांना नोटीसच आठवते. मी म्हटलं, आमच्या धाकट्याला मायेचं भरतं आलंय.

तू विचारलंस म्हणून सांगते, आणि तुला आवडणार नाही ते सांगते. हो म्हण आणि हिरवा हो. सह्या काय आम्ही करत नाही? औषधांचे खोके येतात, वर लिहिलेलं बघतो आणि सही ठोकतो. प्रत्येक गोळी कोण मोजतं? तुझ्या कंपनीत एवढे शिकलेले लोक आहेत, त्यांनी काही विचार करूनच हे आणलं असेल. तुला लहानपणापासून ही खोडच आहे. गणिताचं उत्तर बरोबर आलं तरी पुन्हा सोडवून बघायचास आणि पेपर अर्धा राहायचा. मग रडत माझ्याकडं यायचास.

आई गेल्यावर तुला वाढवताना मला एकच भीती होती, हा फार सरळ आहे, ह्याला जग चेंगरून टाकेल. ती भीती अजून जात नाही. लाल तर लाल, असं म्हणायला फार सोपं असतं. उद्या घरी बसलास तर तुझ्या तोंडाकडं मला बघवणार नाही. म्हणून म्हणते, जे चाललंय त्याच्या बाजूनं चाल थोडं.

जेवणाचा डबा अजून त्याच बाईकडून येतो का? फोटोत गालफडं बसलेली दिसतात. दाजी म्हणतात तो फोटोच तसा आहे, पण त्यांना चष्मा लागून वर्ष झालं तरी लावत नाहीत.

तुझी
अक्का


पुणे, २७ जुलै २०२५

अक्का,

झालो एकदाचा हिरवा! तुझं पत्र आलं त्या सोमवारीच ठरवलं. पहिले काही दिवस वरवर चाळून मंजूर करायचो, आता चाळतही नाही. टूल लिहितं, टूलच तपासतं, ‘सगळं व्यवस्थित आहे’ म्हणतं, मी बटण दाबतो. तक्त्यावर दुसरा आहे. साहेबांनी पाठीवर थाप मारली आणि मी इतका खूश झालो की नंतर माझीच मला लाज वाटली.

‘पाळणा’ची मोठी सुधारणा परवा तुमच्याकडं पोचली असेल. जुन्या, पडून राहिलेल्या नोंदी आता आपोआप बंद होतात, यादी हलकी राहते. आम्हाला तीन महिने लागले असते ते आठवड्यात झालं. कसं चालतंय ते कळव.

एक मात्र सांगतो, कुणाला बोलू नकोस. पूर्वी घरी जाताना दिवसभर काय केलं ते आठवायचं. एखादी ओळ सुचलेली असायची, ती जिना उतरतानाही डोक्यात घोळायची. आता काही आठवत नाही. दमतो मात्र तेवढाच.

डब्याची बाई बदलली. नवी बाई शेंगदाण्याची चटणी आपल्यासारखी करते, ती उदगीरची निघाली.

दिगू


माकणी, १२ ऑगस्ट २०२५

चि. दिगूस,

हिरवा झालास हे वाचून सासूबाईंना पेढा दिला. कशाबद्दल ते त्यांना कळलं नाही, पण त्यांनी दुसराही मागून घेतला.

अ‍ॅप छान चालतं. यादी सुटसुटीत झाली. एक बारीकसं सांगते, फार मनावर घेऊ नकोस. पहिल्या बाळंतपणाला पोरी माहेरी येतात, त्या तुझ्या नव्या अ‍ॅपात सापडत नाहीत. पोरगी सासरी नोंदवलेली असते. सातवा लागला की इकडं येते, तिकडच्या तपासण्या चुकतात, आणि अ‍ॅप तिची नोंद बंद करून टाकतं. इथं मी तिचं नाव घालायला गेले की म्हणतं, ‘ही नोंद आधीच आहे.’ म्हणजे तिकडच्या यादीत नाही आणि इकडच्याही नाही.

पण मी त्याचा बंदोबस्त केलाय. आमच्याकडं दारोदार बांगड्या विकणारी नागम्मा आहे. सातव्यात पोरीला हिरवा चुडा भरतात, तेव्हा कुणाची लेक आली ते तिला सगळ्यांच्या आधी कळतं. ती मला दारातूनच हाक मारते, ‘सिस्टर, मळ्यावरची थोरली आलीया बगा, पाय लई सुजल्यात.’ मग मी जाऊन बघून येते. त्यामुळं माझ्या गावातली एकही पोर सुटत नाही. तू आत्ताच कुठं हिरवा झालायस, हे उगाच वर नेऊ नकोस. सवडीनं बघ.

पाऊस बरा आहे. धरणात पाणी चढतंय.

तुझी
अक्का


पुणे, ३० ऑगस्ट २०२५

अक्का,

तुझी नागम्मा आमच्या ऑफिसात पाठवून दे, टूलपेक्षा जास्त कामाची दिसते!

तुझ्या त्या पोरी सापडत नाहीत ते बहुतेक रेंजमुळं असेल. नाहीतर मोबाईल जुना असेल. अ‍ॅप काढून टाक आणि पुन्हा घाल, आणि एकदा दाजींच्या मोबाईलवर करून बघ. खरंच काही बिघाड असता तर आत्तापर्यंत बोंब झाली असती. पण इतक्या उपकेंद्रांतून एकही तक्रार नाही. साहेबांनी बैठकीत माझं नाव घेऊन सांगितलं, ‘बघा, हाच दिग्विजय आधी नाही म्हणत होता. एक तक्रार नाही!’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू म्हणालीस ते खरं निघालं, मी उगाचच कुढत होतो.

दिवाळीत रजा मिळेल असं वाटतं. या वर्षी भाऊबीज चुकवत नाही.

दिगू


माकणी, २१ सप्टेंबर २०२५

दिगू,

हे पत्र बसून वाच.

माझ्या शेजारच्या गावाला भुवनेश्वरी नावाची सिस्टर आहे, नवीन लागलेली, तुझ्यापेक्षाही लहान. तिच्या गावात शिवांजली म्हणून पोरगी माहेरी आली होती. सासर चाकणकडं. तिकडच्या शेवटच्या तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला होता, नीट नोंदवलेलाही होता. पण ती इकडं आली आणि तिची नोंद बंद झाली. भुवनेश्वरीच्या यादीत ती आलीच नाही. महिनाभर तिचा रक्तदाब कुणी बघितला नाही. डोकं दुखतं म्हणायची, तर आईनं कपाळाला सुंठ लावली. बुधवारी सकाळी चूल पेटवताना तिला झटके आले. रस्त्यावर पाणी होतं, ट्रॅक्टरवर घालून पुलापर्यंत नेली, तिथून गाडी मिळाली. ऑपरेशन झालं. मुलगी झालीय, एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवलीय. दोघी जिवंत आहेत. आणि त्यात आपलं काही श्रेय नाही.

आता जे मी तुला लिहिलं नव्हतं ते लिहिते. तक्रार आली नाही, कारण मी येऊ दिली नाही. ऑगस्टमध्ये भुवनेश्वरीनं मला फोन केला होता, ‘ताई, माझ्याकडं पोरी दिसंनात, तक्रार टाकू का?’ मी म्हटलं, ‘थांब गं, माझ्या भावाची नोकरी आहे त्यात. मी सांगते त्याला.’ महिन्याच्या बैठकीत बाकीच्यांनाही तेच सांगितलं. त्या सगळ्या मला मानतात, गप्प बसल्या. आणि तुला सांगितलं ते असं, की तू हसून सोडून द्यावंस. मला वाटलं, माझ्यासारखंच सगळ्या जणी फिरून बघत असतील. पण भुवनेश्वरीकडं चार गावं आहेत आणि ती कुणाला ओळखत नाही. तिनं यादीवर विश्वास ठेवला. यादी त्यासाठीच तर असते.

दवाखान्यात ती माझा हात धरून रडत होती, ‘ताई, माजीच चूक झाली वो.’ मला तिच्या तोंडाकडं बघवेना.

आई-वडील गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तू आहेस. सणाला कुणी विचारलं, माहेरी जाणार का, तर मी म्हणते, माझं माहेर पुण्याला नोकरी करतं. ते माहेर राखायला गेले आणि दुसऱ्यांच्या पोरी माहेरी येऊन बेवारस झाल्या. मीच तुला लिहिलं होतं, हो म्हण म्हणून.

काल तालुक्याला लेखी तक्रार दिली. इतरांना मीच थांबवलं होतं, हेही त्यात लिहिलंय, म्हणजे भुवनेश्वरीवर काही येणार नाही. तुझं नाव मी घातलेलं नाही. पण मंजुरी कुणाची ते निघेलच. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. मला माफ कर असं मी म्हणत नाही आणि तूही म्हणू नकोस. तुला योग्य वाटेल ते कर. या वेळी माझं ऐकू नकोस.

अक्का


पुणे, २९ सप्टेंबर २०२५

अक्का,

तुझं पत्र आणि तुझी तक्रार दोन्ही एकाच दिवशी पोचली. पत्र आधी वाचलं. ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं आणि तिथंच रडलो. चहा घेऊन येणारे काका वळसा घालून गेले.

मग ते सगळं उघडून वाचलं. जे जुलैमध्ये वाचायला हवं होतं ते. इतकं नीटनेटकं लिहिलंय अक्का, बोट ठेवायला जागा नाही. बाई लागोपाठ दोन तपासण्यांना आली नाही की नोंद बंद. वाचताना पटतंसुद्धा. पण मी वाचलं असतं तर त्या ओळीशी थांबलो असतो, कारण मी आजोळी जन्मलोय, तूही आजोळी जन्मलीस. आपल्याकडं पोरी माहेरी जातात हे टूलला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. शिवाय तू मला सरळ लिहिलंस, आणि मी तुला मोबाईल बदल म्हणालो.

बैठकीत साहेबांनी तक्रार वाचली. कुणीतरी म्हणालं, सिस्टर लोकांना वापरता येत नसेल. माझं डोकंच फिरलं. उभा राहून म्हटलं, ‘मंजुरी माझी आहे. आणि मी ते वाचलं नव्हतं.’ साहेबांनी तक्रारीचा कागद टेबलावर ठेवला. मग त्यांनी विचारलं, ‘गेल्या महिन्यात ज्याला मंजूर म्हटलं ते कुणी पूर्ण वाचलंय? हात वर करा.’ एकही हात वर आला नाही. टीव्हीवर आमची सगळ्यांची नावं हिरवीगार होती.

दुरुस्तीचं काम मागून घेतलंय. टूलची मदत घेईन, पण माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय काही जाणार नाही. साहेबांनी दाराशी गाठून सांगितलं, ‘दुरुस्ती तुझ्या मनासारखी कर, तोवर तक्ता मी सांभाळतो. पण पुढं सगळं वाचूनच सही करीन म्हणशील, तर वरचे तुला ठेवणार नाहीत. माझ्या हातात नाही.’ मी म्हटलं, वाचूनच करीन. ते म्हणाले, ‘मग दिवाळीनंतरचं बघून ठेव.’ आवाज खाली होता त्यांचा. मला त्यांचीही कीव आली.

मी घाबरलोय अक्का. उगाच शूरपणाचा आव आणत नाही. दुसरीकडंही हेच तक्ते आहेत. रात्री झोप लागते मात्र, आणि जिना उतरताना पुन्हा काहीबाही सुचायला लागलंय.

तू स्वतःचं नाव तक्रारीत घातलंस. ते वाचून मला कसं वाटलं ते लिहिता येत नाही. तुला काय भोगावं लागतंय ते खरं खरं कळव. आणि ती पेटीतली पोरगी कशी आहे?

दिगू


माकणी, १६ ऑक्टोबर २०२५

चि. दिगूस,

आधी पोरीचं. पेटीतून बाहेर आली, आईच्या अंगावर पिते. शिवांजलीचा रक्तदाब उतरलाय. दोघी घरी आल्या. मी भेटायला गेले आणि तिच्या आईला सगळं खरं सांगितलं, माझ्यासकट. ती बाई उठून चुलीकडं गेली. मग म्हणाली, ‘सिस्टर, च्या घ्या.’ मी तो चहा कसा गिळला ते माझं मला ठाऊक. बारशाला बोलावणं आलं तर जाईन, नाही आलं तर तिचंही बरोबर आहे.

मला लेखी ठपका मिळाला. डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांसमोर बोलून घेतलं, मी ऐकून घेतलं. नोकरी शाबूत आहे. भुवनेश्वरीवर काही आलं नाही. आधी ती माझ्याशी बोलत नव्हती. आता बोलते, पण पूर्वीसारखं मी म्हणेन त्याला हो म्हणत नाही. ते चांगलंच झालं.

तुझी दुरुस्ती मंगळवारी पोचली. उपकेंद्राच्या बाकावर आम्ही चौघी सिस्टर मोबाईल घेऊन बसलो. उघडल्या उघडल्या प्रश्न आला, ‘माहेरी आली का?’ भुवनेश्वरी म्हणाली, ‘ताई, हे सरकारी वाटतच न्हाय, कुणीतरी घरचं माणूस इचारल्यासारखं वाटतंय.’ एकेका पोरीचं नाव घेऊन ‘हो’ दाबत गेलो, आणि तिकडच्या तपासण्या, रक्तदाब, सगळं इकडं येऊ लागलं. भुवनेश्वरीच्या चार गावांत मिळून सहा जणी निघाल्या, ज्यांचा कुणालाच पत्ता नव्हता. त्यातल्या एकीच्या अंगात रक्त फारच कमी होतं, तिला त्याच दुपारी तालुक्याला पाठवली. ती चालत गाडीत बसली, दिगू. हसत बसली, जाताना मला टाटा केला तिनं.

नोकरीचं तू लिहिलंस. मला भीती वाटत नाही असं नाही. पण तुझ्या तोंडाकडं मला बघवणार नाही असं जे मी लिहिलं होतं, ते मागं घेते. आता कधी एकदा बघते असं झालंय. दिवाळीला ये आणि परतीचं तिकीट काढू नकोस. दाजींनी वरच्या खोलीतली सोयाबीनची पोती हलवली, तुझी खाट टाकलीय. लॅपटॉप घेऊन ये, काम शोधायचं ते इथून शोध. रेंज गच्चीवर येते. बाळंतपणालाच माहेरी यायचं असतं असं थोडंच आहे, दमलेल्या माणसानंही यावं.

आणि बहिणीकडं भाऊबीजेला रिकाम्या हातानं कसं जावं, असा विचार करत बसशील, तुला मी ओळखते. ओवाळणी मला मंगळवारी दुपारी पोचली. तू तेवढा ये.

तुझी
अक्का